यमुना की यमू? (नाव ठेवायचंय, नावं ठेवू नका)

घाटावरचा | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. मुलगी झाली, आज नववा दिवस. बाळ-बाळंतीण खुशाल. बारसं बाराव्याला न करता सव्वा महिन्याने करायचं असं दोन्हीकडच्या आयांनी परस्पर ठरवून टाकलंय, म्हणजे वेळ आहे असं वाटलं होतं. पण रुग्णालयाने जन्मनोंदणीचा फॉर्म हातात दिला, आणि त्यात बाळाच्या नावाचा रकाना. तो चार दिवस रिकामा आहे आणि घरात तीन पक्ष पडलेत.

मी कराडचा, सध्या पुण्यात. मला आजीने वाढवलं. अख्खी आळी तिला जिजी म्हणायची, आम्हीही तेच. तिचं नाव यमुना आहे हे मला बारावीनंतर कळलं, तेही सातबाऱ्यावर, 'यमुनाबाई भ्र. अमुक तमुक' असं. दोन वर्षांपूर्वी गेली, एक्क्याण्णव वर्षांची होऊन. मुलगी झाली तर यमुना, हे मी तेव्हाच मनाशी धरलं होतं.

बायकोला यमुना पसंत आहे. पण ती म्हणते, सगळे यमूच म्हणणार ना? मग कागदावर यमूच घालू. तिची स्वतःची दोन नावं आहेत, कागदावरचं पाच अक्षरी आणि माहेरचं दोन अक्षरी. एकदा कुरियरवाल्याला दारातून "अशी कोणी बाई इथे राहत नाही" असं सांगून परत पाठवलं गेलं, आणि पाठवणारी तिची सख्खी आई. ही भानगड तिला लेकीच्या मागे नकोय.

तिसरा पक्ष माझी आई. ती म्हणाली, "ठेवा की यमुना. चांगलं आहे. फक्त मला हाक मारता यायची नाही." मला आधी गंमत वाटली. पण १९८४ साली ती या घरात आली तेव्हापासून तिने सासूचं नाव तोंडातून काढलेलं नाही. रेशनकार्डाच्या वेळी तलाठ्याने विचारलं तर "गंगेच्या बहिणीचं नाव लिहा" म्हणाली होती. आता ती नातीला 'ए यमे, दूध पी' असं कसं म्हणणार? यमूला तर तिचा जास्तच विरोध आहे. सासूचं नाव घ्यायचं, वर मोडून घ्यायचं!

काय करू? कागदावर लांब की आखूड? आणि आईचं काय?

चहाटळ | सोमवार, रात्री ११:५८

अभिनंदन! पेढे कुठेत?

यमू नको रे बाबा. वर्गात शिरली की पोरं "यम आला, यम आला" करत बाकाखाली लपतील. हलके घ्या.

मंजिरी_ठाणे | मंगळवार, सकाळी ७:१०

अभिनंदन! @चहाटळ, यमुना ही यमाचीच बहीण. भाऊबीज म्हणजे यमद्वितीया, यम बहिणीकडे जेवायला जातो तो दिवस. ज्याला सगळं जग घाबरतं तो हिच्या घरी पाटावर बसून ओवाळून घेतो. शाळेत कोणी चिडवलं तर तिने हे उत्तर द्यावं, पुन्हा कोणी चिडवणार नाही.

माझं मत वहिनींच्या बाजूने. आता दोन अक्षरी नावच पूर्ण नाव असतं. सई, ईरा, रमा, मीरा. सई म्हणजे तर सखी, हाकेतलाच शब्द, आणि शिवाजी महाराजांच्या राणीसाहेबांचं नाव. यमू कागदावर का नको? माझ्या लेकीचं नाव मुक्ता, घरी मुक्ता, शाळेत मुक्ता, रागावले तरी मुक्ता. सुटसुटीत.

(खरं सांगायचं तर बाबा तिला गेली सहा वर्षं 'भोपळ्या' म्हणतात. पण ते नाव नव्हे, ते वर्णन.)

संत्राबर्फी | मंगळवार, सकाळी ८:३३

राजेहो, तुम्ही कागदावर काहीबी लिहा. माह्या भावाचं नाव चंद्रशेखर ठेवलं. बुढ्यानं नक्षत्र पाहून, अक्षर काढून, पंधरा दिवस डोकं लावून ठेवलं. लोकं म्हणे चंदू. चंदूचा झाला चंद्या. आता दोन पोरांचा बाप हाय, अन् चौकात अजून चंद्याच. आमच्याकडं नागपुरात 'या' लागल्याशिवाय नाव पक्कं होत नाही.

फटकळ काकू | मंगळवार, सकाळी ९:४५

अभिनंदन घाटावरचे. लक्ष्मी आली वगैरे म्हणणार नाही, मुलगी आली.

तुमच्या आईंना दोष देत नाही. मीही सतरा वर्षं नवऱ्याला "अहो" म्हटलं आणि नणंदेला वन्सं. पण जे आहे ते नावाने बोलू या. पोरीचं नाव ठरवताना घरातल्या एका बाईला ते उच्चारता येत नाही, आणि कारण काय, तर तिने लग्न केलं. आजोबांना यमुना म्हणायला काही अडचण आहे का? नाही ना? अडचण फक्त सुनेची.

लांब की आखूड हा मुद्दाच नाही. आईंना बाजूला घेऊन सांगा, "जिजी गेली, आता नाव घेतलंस तर कोणी रागावणार नाही." एकदा म्हणून बघू दे. पहिल्यांदा जड जाईल.

घाटावरचा | मंगळवार, सकाळी १०:०२

@फटकळ काकू, हे मी परवाच करून पाहिलं. ती म्हणाली, "रागावायला कोण बसलंय? मलाच नाही होत." आणि भाजी निवडायला गेली.

जुने खोड | मंगळवार, दुपारी ३:२०

धागाकर्त्याचं अभिनंदन. काकूंचा राग समजतो, पण त्यांनी ज्यावर बोट ठेवलंय तिथेच आपल्याकडच्या निम्म्या टोपणनावांचा उगम आहे, म्हणून थोडं विस्ताराने.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली जुनी रीत. आजोबा हयात नसले तर आवर्जून. पण आजी हयात असते, आई हयात असते. आजी नवऱ्याचं नाव घेणार नाही, आई सासऱ्याचं घेणार नाही. मग त्या पोराला हाक काय मारायची? म्हणून नाना, भाऊ, अप्पा, तात्या, दादा, बाळ. पाळण्यातलं नाव मेलेल्या माणसाची आठवण म्हणून, आणि हाकेचं नाव जिवंत बायकांची सोय म्हणून. लाड त्यात नंतर आला.

पेशव्यांचंच घर पाहा. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० साली गेले आणि त्याच वर्षी थोरल्या बाजीरावांना मुलगा झाला. नाव ठेवलं बाळाजी. इतिहास त्याला नानासाहेब म्हणून ओळखतो. बाळाजीपंतांच्या पत्नी राधाबाई त्यानंतर तेहेतीस वर्षं त्या घरात वावरत होत्या. त्या नातवाला काय हाक मारत असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

पुढे गंमत अशी होते की हाकेचं नाव कागदावर चढून बसतं आणि पाळण्यातलं मागे पडतं. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरात बाळ म्हणत. आज केशव गंगाधर टिळक म्हटलं तर निम्मे लोक "कोण हे?" विचारतील. बाबा आमटे मुरलीधर. 'बाबा' हे लोकांनी साधुत्वामुळे दिलं असा समज आहे, पण ते त्यांचं लहानपणचं घरातलं नाव.

आणि आखूड नाव कमअस्सल असंही नाही. आपले संत सही कशाने करतात? 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे'. जनाबाईही स्वतःला जनीच म्हणतात. देवापुढे उभं राहताना या माणसांनी हाकेचंच नाव वापरलं.

फक्त मराठीत आखूड करण्याच्याही जाती आहेत. यमूतला 'ऊ' मायेचा, बाळू-गणू-ठकूतला. यमीतली 'ई' दटावणीची, धुण्याच्या दगडावरची. मुलग्यांना 'या', नागपूरकरांनी वर सांगितलाच. पाळण्यात यमू ठेवाल, पण रागाच्या दिवशी यमी होणारच, तयारी ठेवा.

आता मूळ मुद्दा. यमुना हे नाव ऐकून मला दोन बायका आठवल्या. पहिली डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरची यमुना. लग्नानंतर गोपाळरावांनी आनंदी केलं. रमाबाई रानडे माहेरच्या यमुनाच, त्या तर तुमच्या कराडापासून फार लांब नसलेल्या देवराष्ट्र्याच्या. न्यायमूर्तींशी लग्न झाल्यावर रमा झाल्या. टिळकांच्या पत्नी तापीच्या सत्यभामा झाल्या. लग्नात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवं नाव लिहायचं आणि जुनं त्याच मांडवात सोडून यायचं. माझ्या आईचंही बदललं होतं.

म्हणून विचारतो, रागावू नका. तुमच्या जिजींचा जन्म १९३०-३२ च्या सुमाराचा धरला, तर यमुना हे त्यांचं माहेरचं नाव की सासरचं? सातबारा सासरचाच असतो.

ओलीसुकी | मंगळवार, दुपारी ३:४१

जुने खोड यांच्या प्रतिसादासाठी लॉगिन केलं. मम.

घाटावरचा | मंगळवार, दुपारी ४:१५

हे डोक्यातच आलं नव्हतं. आईला माहीत नाही, वडिलांना माहीत नाही. जिजीचं माहेर चाफळ. तिचा धाकटा भाऊ, मामाआजोबा, शहाऐंशी वर्षांचे आहेत, पण कानाने अधू. फोनवर होणार नाही. रविवारी चुलतभाऊ तिकडे जाणार आहे, त्याला सांगतो.

दप्तरदार | मंगळवार, सायंकाळी ६:३०

अभिनंदन. मी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात होतो, आता निवृत्त. तुम्ही रविवारपर्यंत थांबू शकता, आणि त्यानंतरही. घाईने रकाना भरणाऱ्यांनी माझी निम्मी नोकरी खाल्ली, म्हणून नीट सांगतो.

एकवीस दिवसांत नोंदवायचा असतो तो जन्म. नाव नव्हे. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आहे, त्यात नावाशिवाय जन्म नोंदवायची सोय आहे. नाव नंतर घालता येतं, बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. रुग्णालयात जन्म झाला असेल तर जन्माची खबर रुग्णालयच देतं. तुम्ही फक्त आईबापांची नावं, पत्ता, तारीख तपासा. बाळाचा रकाना मोकळा सोडला म्हणून कोणी फॉर्म परत करत असेल तर शांतपणे हे सांगा.

पण एकदा नाव चढलं की चढलं. लिहिण्यातली चूक दुरुस्त होते, मत बदललं म्हणून नाव बदलून मिळत नाही. मग राजपत्रात जाहिरात, मग एकेका कागदामागे फिरणं. पूर्वी लोक म्हणायचे, दाखल्यावर काहीही असू दे, शाळेत घालताना बघू. ते दिवस संपले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी या सगळ्याला जन्मदाखला हाच आधार. आपल्या पिढीला शाळा सोडल्याचा दाखला तारून नेत होता, तुमच्या मुलीला हा एकच कागद.

आणखी एक, लांबीबद्दल. १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी राज्य शासनाचा क्रम असा: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेचे कागद, परीक्षेची प्रमाणपत्रं, महसुली कागद, सगळीकडे. तुमच्या पत्नीचं कागदावरचं नाव पाच अक्षरी म्हणता. मुलीचंही लांब ठेवलंत तर बिचारी दहावीच्या उत्तरपत्रिकेवर चौकोन मोजत बसेल. मी आखूड नावाच्या बाजूने, पण माझं कारण एवढंच, रकान्याचं.

इंग्रजी स्पेलिंग आधी घरात कागदावर लिहून ठरवा. काउंटरवर ठरवू नका. आणि दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा.

चहाटळ | मंगळवार, सायंकाळी ६:५५

दप्तरदारांचा प्रतिसाद वरती चिकटवून ठेवा कोणीतरी.

लेस्टरकर | मंगळवार, रात्री ११:३०

अभिनंदन! आम्ही इंग्लंडात. इथे बेचाळीस दिवसांत नोंद करावी लागते, आणि निबंधक बाई समोर बसून एकेक अक्षर विचारते. आमच्या मुलाचं नाव ज्ञानेश ठेवायचं होतं. 'ज्ञ' आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदीवाले 'ग्य' म्हणतात, गुजराती 'ग्न' म्हणतात, आणि रोमन लिपीत डी-एन-वाय वाचून निबंधक बाईंनी पेन खाली ठेवलं. शेवटी त्याचं नाव नील.

यमू नाव इकडे आलं तर यमी होईल, आणि यमीचा अर्थ इंग्रजीत 'चविष्ट' होतो. चांगलंच आहे, पण अठराव्या वर्षी नको वाटेल. यमुना उत्तम चालेल. मात्र शेजारचे गुजराती तिला जमुनाच म्हणणार, ती मानसिक तयारी ठेवा.

तुम्ही पुण्यात आहात, तुम्हाला याचा काही उपयोग नाही हे मान्य. पण पुण्यातली मुलं कुठे पुण्यात राहतात?

कागदोपत्री बेबी | बुधवार, सकाळी ११:०५

दहा वर्षं इथे नुसती वाचते आहे, हा पहिला प्रतिसाद. सदस्यनाम वाचून हसला असाल तर हसा, सवय आहे.

माझं नाव बेबी. टोपणनाव नव्हे, आधार, पॅन, दहावीचं प्रमाणपत्र, सगळीकडे बेबीच. पाळण्यात हेमांगी ठेवलं होतं. शाळेत नाव घालायला चुलते गेले. मास्तरांनी नाव विचारलं, चुलत्यांना आठवेना. घरात सगळे बेबी म्हणतात म्हणून त्यांनी बेबी सांगितलं. मास्तरांनी लिहिलं. आमच्या वेळेस असंच चाले. माझ्या वर्गात आम्ही तीन बेबी होतो, एक छबी, एक पिंकी.

लहानपणी काही वाटलं नाही. लग्न झालं, मुलं झाली, नोकरी लागली. खटकायला लागलं चाळिशीनंतर. बँकेत टोकन पुकारतात तेव्हा "बेबी" म्हटल्यावर मी उठते आणि रांग माझ्याकडे बघते. गेल्या वर्षी एका रुग्णालयात तपासणीला गेले होते, तिथल्या मुलीने यादी बघून विचारलं, "पेशंट कुठेय? आई, बाळाला आत आणा." मी अठ्ठावन्न वर्षांची. सोबत सून होती, ती हसून हसून खुर्चीत बसली. मीही हसले. रात्री मात्र झोप लागली नाही.

राजपत्रात नाव बदलायचं मनात येऊन गेलं. मग पेन्शन, घराचा करारनामा, भविष्यनिर्वाह निधी, सगळं डोळ्यासमोर आलं आणि राहून गेलं.

म्हणून वहिनींना सांगते, यमू ठेवा, वाईट नाही. बेबी आणि यमूत फरक आहे. यमू हे नाव आहे, कोणाच्या तरी आईने मांडीवर घेऊन म्हटलेलं. बेबी हे नाव राहून गेल्याची खूण आहे. फक्त एक परीक्षा घ्या. सत्तराव्या वर्षी कोणी अनोळखी माणूस ते चारचौघांत मोठ्याने पुकारेल, तेव्हा तिला उठावंसं वाटेल का? वाटणार असेल तर खुशाल घाला.

मंजिरी_ठाणे | बुधवार, सकाळी ११:२०

हेमांगीताई, लिहीत राहा.

कागदोपत्री बेबी | बुधवार, सकाळी ११:४८

या नावाने मला पहिल्यांदाच कोणी हाक मारली. धन्यवाद.

पाटपाणी | बुधवार, दुपारी १:१२

थोडं उलट बाजूने. आमच्या आजोबांचं नाव दगडू. आधीची तीन भावंडं गेली, म्हणून दृष्ट लागू नये, यमाने वळूनही बघू नये असं नाव. धोंडू, भिकू, केरबा त्यातलेच. आजोबा चौऱ्याण्णव वर्षं जगले, नावाने काम चोख केलं. त्यांना कधी लाज वाटली नाही.

लाज वाटावी ती दुसऱ्या प्रकारची. सातारा जिल्ह्यातच 'नकुशा' नावाच्या मुली होत्या. नकोशी. हौस नव्हे, दृष्टही नव्हे, नकोच होती म्हणून. २०११ साली समारंभ करून तिथल्या अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावं दिली. धागाकर्ते तिकडचेच, त्यांना माहीत असेल. अशा मुलुखात लांब ठेवू की आखूड यावर घर भांडतंय, हे वाचून बरं वाटलं.

फटकळ काकू | बुधवार, दुपारी २:००

पाटपाणी, +१.

जुने खोड, तुमची उपपत्ती पटली. बायकांना तोंड बंद ठेवायला लावलं आणि त्यातून बायकांनी नाना-भाऊ-अप्पा असा अख्खा कोश तयार केला. पण सुनेचं नाव तांदळात पुसलं जायचं त्याला असा काही कोश नाही. तिचं हाकेचं नाव माहेरी राहायचं आणि आईबरोबर मरायचं.

घाटावरचा | सोमवार, रात्री १०:४०

आठवडा झाला, धागा वर काढतोय. सगळ्यांचे आभार. दप्तरदारांच्या सल्ल्याने रकाना मोकळा ठेवून फॉर्म दिला. कोणी हरकत घेतली नाही.

चुलतभाऊ काल चाफळला जाऊन आला. मामाआजोबांना वहीवर मोठ्या अक्षरात प्रश्न लिहून दाखवला. ते म्हणाले, "यमुना कोण?"

मग हसले आणि म्हणाले, "आमची वेणू."

जिजी माहेरची वेणू. यमुना लग्नात झाली. पंच्याहत्तर वर्षं ती यमुना होती, तीही फक्त कागदावर, कारण तिला यमुना म्हणून हाक मारणारंही कोणी नव्हतं. आजोबा "अगं" म्हणायचे, सुना "आत्याबाई", आम्ही जिजी. तिचं स्वतःचं नाव म्हणता येईल असं एकच होतं आणि ते आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. मी ज्या नावासाठी आठवडाभर भांडलो ते तिला कोणीतरी चिकटवलेलं.

भाऊ हे फोनवर सांगत होता, फोन स्पीकरवर होता. आई पाळण्याशी बसली होती. ती म्हणाली, "वेणू? सासूबाईंचं माहेरचं नाव घ्यायला मला कोणी बंदी केली नाही." आणि तिथल्या तिथे पाळण्यात वाकून म्हणून बघितलं. तीन वेळा. बायको म्हणाली, "दोनच अक्षरं. कागदावरही हेच. झालं."

मला कालचा दिवस जड गेला. यमुना डोक्यात बसली होती. आज निघाली.

जुने खोड | सोमवार, रात्री ११:०५

चाफळचं घर आणि वेणू. समर्थांनी चाफळला राममंदिर उभारलं, आणि त्यांच्या शिष्यांत वेणाबाई होत्या, मिरजेला त्यांचा मठ आहे. त्या गावात मुलीला वेणू म्हणणं मला तरी सहज वाटतं. शिवाय कराडात यशवंतरावांच्या वेणूताईंमुळे हे नाव कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. उत्तम.

चहाटळ | सोमवार, रात्री ११:०९

म्हणजे यमू की यमुना या धाग्याचं उत्तर वेणू. अशाने गणिताच्या पेपरात शून्य मिळतो. अभिनंदन!

लेस्टरकर | सोमवार, रात्री ११:५०

इकडे 'वेन्यू' म्हणतील, म्हणजे कार्यक्रमाचं ठिकाण. गप्प बसतो.

फटकळ काकू | मंगळवार, सकाळी ९:३०

बरं झालं. एक विचारते. तुमच्या आईंचं लग्न १९८४ चं म्हणालात. त्यांचं नाव बदललं होतं का? एवढ्या चर्चेत त्यांचं नाव काय हे कुणी विचारलंच नाही.

घाटावरचा | मंगळवार, रात्री ९:१५

@फटकळ काकू, विचारलं. तिचं बदललेलं नाही. मांडवात तांदळाचं ताट आलं होतं, नवं नावही ठरलं होतं. जिजी उठून पुढे आली, म्हणाली, "आहे तेच लिहा," आणि वडिलांच्या हातातली अंगठी धरून तेच लिहून घेतलं. आत्या रुसल्या होत्या म्हणे. जिजीने असं का केलं ते आईला तेव्हा कळलं नव्हतं, पुढे तिने कधी विचारलंही नाही.

बारसं पुढच्या महिन्यात, घरीच. साठेक माणसं होतील. कुर्र करायला माझ्या दोघी बहिणी भांडतायत, त्याचा वेगळा धागा काढावा लागेल. घुगऱ्यांना हरभरा किती लागेल, कोणी सांगेल का?

फटकळ काकू | मंगळवार, रात्री ९:४०

साठ माणसांना दोन किलो घ्या, उरले तर दुसऱ्या दिवशी उसळ होते. गावठी, बारीक हरभरा आणा. आदल्या दिवशी दुपारीच भिजत घाला, रात्री घातलेत तर दडदडीत राहतात. मीठ शिजल्यावर. ओलं खोबरं वरून, आयत्या वेळी.

दप्तरदार | बुधवार, सकाळी ८:०५

वेणू लिहिताना 'णू' दीर्घ. दाखल्यावर ऱ्हस्व येतो, तिथेच उभं राहून बघा.